काचेच्या केबिनमधला गोलकीपर

दुबईवाला लिहायला बसला म्हटल्यावर तुम्ही काय धरून चाललाय ते मला ठाऊक आहे. आधी उंच बिल्डिंग येणार, मग उंट, मग एका खोलीत आठ जण, मग आईचा फोन आणि डोळ्यात पाणी. तसलं काही नाहीये. एक तर मी दुबईत नाही, शारजात आहे. गावाला सगळ्यांना दुबईच सांगतो, ते सोडा. आणि आईचा फोन येतो, पण ती आधी विचारते "जेवलास का" आणि लगेच विचारते "तिकडे तरी लोकांच्या नकला बंद केल्यास का". रडायला वेळच देत नाही.

तर ही गोष्ट आहे एका गोलकीपरची. आता तुम्ही म्हणाल, कप जिंकला असेल, पेपरात फोटो आला असेल. तेही नाही. हा गोलकीपर आयर्लंडचा, नव्वदी ओलांडलेला, देशाकडून एकच मॅच खेळलेला. आणि ती पण हरलेला. त्याच्या डोक्यात जे काही होतं ते शिकायला त्याला गिऱ्हाईक मिळालं कोण, तर मी. लांज्याकडचा, मराठी शाळेतला, क्रिकेटवाला. फुटबॉल मी टीव्हीवर पण धड पाहिला नव्हता. बावीस माणसं एका बॉलमागे का धावतात, प्रत्येकाला एकेक का देत नाहीत, हा जोक मी स्वतः मारलेला आहे.

आमचं वर्कशॉप इंडस्ट्रियल एरियात. अॅल्युमिनियमच्या खिडक्या, दरवाजे, काचा, आरसे. मी स्टोअरला. स्क्रू, सिलिकॉन, रबराच्या पट्ट्या, हँडल, असलं सगळं माझ्या काउंटरवरून जातं. काउंटरवर माणूस येतो, सामान घेतो, वळतो, की मी त्याची नकल करतो. पुढचा माणूस हसतो. तो सामान घेऊन वळला की त्याची. असा धंदा दिवसभर चालतो. कोणी रागावत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं आपली नकल काही हा करत नाही.

सगळ्यात हिट नकल मॅनेजरसाहेबांची. ते आयर्लंडचे, साठीच्या आसपास, अर्धं आयुष्य गल्फमध्ये गेलेलं. हिंदी बोलतात, पण ती हिंदी त्यांना पठाण ड्रायव्हर, केरळी सुतार आणि इजिप्तवाला इंजिनियर या तिघांनी मिळून शिकवलेली. "क्या मुश्किल? मुश्किल नहीं. काम करो, खलास." पँट वर ओढत हे वाक्य म्हटलं की अख्खं वर्कशॉप लोळायचं.

तर साहेबांचे वडील म्हणजे आमचा म्हातारा. बायको वारल्यावर साहेबांनी त्यांना इकडे आणलं. साहेबांची बायको हॉस्पिटलात नर्स, तिच्या ड्युटीचा काही नेम नाही. घरी एकट्याला कसं ठेवायचं, म्हणून साहेब त्यांना सोबत वर्कशॉपला आणायचे आणि आपल्या काचेच्या केबिनमध्ये एसीखाली बसवायचे. म्हातारा उंच, हाडं मोठी, हात तर असे की एका पंजात नारळ राहील. बसायचा आणि समोर बघायचा. बोलायचा नाही. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर मागायचा नाही.

आमचा चाचा म्हणायचा, "शोकेसमध्ये ठेवलाय जसा काय."

चाचा म्हणजे आमचा वेल्डर, श्रीवर्धनकडचा, माझा रूममेट आणि वर्कशॉपमधल्या सगळ्या मराठी माणसांचा न निवडलेला सरपंच. स्वयंपाक तो करणार, भांडणं तो सोडवणार, आणि मला शिव्या पण तोच देणार.

एकदा कुठल्या तरी सलूनच्या ऑर्डरचे मोठे मोठे आरसे भिंतीला टेकवून ठेवले होते. चहाची वेळ. पोरं म्हणाली, म्हाताऱ्याचं कर. मी स्टूल घेतलं, बसलो. हनुवटी पुढे, पाठ वाकलेली, आणि हात गुडघ्यांच्या बाजूला लोंबकळते, पंजे अर्धे उघडे. म्हातारा तसाच बसायचा, म्हणजे आत्ता कोणीतरी काहीतरी फेकणार आहे आणि झेलायचं आहे असा. मग उठून त्याची चाल केली. पोरं हसली. आणि मग एकदम हसायची थांबली. मी आरशात बघतो तर माझ्या मागे तो उभा. काठी घेऊन.

मी म्हटलं, संपलं. व्हिसा, बॅग, एअरपोर्ट.

म्हातारा जवळ आला. काठीने माझ्या गुडघ्यावर टकटक केलं. वाकव. वाकवला. परत टकटक. आणखी वाकव. मग त्याने माझे हात धरले, थोडे पुढे घेतले, पंजे फिरवले. मग एका बोटाने माझ्या छातीला ढकललं आणि मी सरळ मागे, बुडावर. पोरांना तर मेजवानीच. म्हाताऱ्याने मला परत उभं केलं, माझ्या बुटावर बूट ठेवून टाचा उचलायला लावल्या आणि परत ढकललं. या वेळी मी हललो नाही.

तो हसला. आणि काहीतरी बोलला. एवढे महिने ज्याचा आवाज कोणी ऐकला नव्हता तो बोलला, आणि मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. इंग्रजी होतं म्हणतात. माझी इंग्रजी स्क्रूच्या डब्यावरची, आणि त्याची म्हणजे तोंडात गरम बटाटा ठेवून गाणं म्हटल्यासारखी.

पण माझं एक आहे. मला अर्थ लागत नाही, आवाज मात्र अख्खा राहतो. कुठे श्वास घेतला, कुठे खाकरला, सगळं. मी तसाच केबिनमध्ये गेलो आणि साहेबांसमोर ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "सर, ये क्या है?"

साहेब कॉम्प्युटरवरून हळूच वर बघायला लागले. माझ्याकडे नाही, माझ्या मागे. जणू वडील आत आलेत.

"कौन बोला?"

"बाबा बोला सर. मेरे को धक्का देके बोला."

साहेबांनी सांगितलं त्याचा अर्थ असा होता: वजन नेहमी पायाच्या पंजावर ठेव, टाचेवर उभा राहिलेला गोलकीपर म्हणजे चौकातला पुतळा, त्याच्यावर फक्त कबुतरं बसतात.

मग ते म्हणाले की वडील गोलकीपर होते एवढं माहीत आहे, पण घरात हा विषय कधी निघालाच नाही. त्यांना कळायला लागलं तेव्हा वडील पावाची गाडी चालवायचे. "घर में ये बात नहीं किया कभी. मेरे को नहीं बोला. तेरे को बोला?" असं म्हणून माझ्याकडे असं बघितलं, जसं काय मी त्यांचा डबा खाल्ला.

त्या दिवसापासून म्हातारा चहाच्या वेळी काठी टेकत माझ्या काउंटरपाशी यायला लागला. मी आतल्या बाजूला, तो बाहेर. तो बोलायचा, मी ऐकायचो. जेवढं कळायचं तेवढं कळायचं. त्याचे हात पण बोलायचे, म्हणून बरंच कळायचं. उरलेलं मी संध्याकाळी साहेबांना आवाजात म्हणून दाखवायचो आणि ते मला अर्थ सांगायचे. दिवस संपत आला की साहेब स्वतःच विचारायचे, "आज क्या बोला?"

असं करत करत म्हाताऱ्याचं अख्खं करिअर माझ्या तोंडून साहेबांना कळलं.

गाव बंदराचं. म्हातारा तरुणपणी बेकरीत भट्टीवर. पहाटे काम सुरू, सहा दिवस पाव, रविवारी मॅच. क्लबकडून खेळायचे ते सगळेच असे, कोणी गोदीत, कोणी रंगारी. आम्ही काय वेगळं करतो? तर भट्टीचे पत्रे उचलून उचलून त्याचे तळवे एवढे घट्ट झाले की ग्लोव्ह्ज त्याला नकोच वाटायचे. त्या वेळी बॉल चामड्याचा. पावसात भिजला की ओल्या गोणपाटासारखा जड व्हायचा, आणि तिकडे म्हणे पाऊस थांबतच नाही. अंगात गळ्यापर्यंतचा लोकरी स्वेटर. डोक्यावर चपटी टोपी, सूर्य निघालाच चुकून तर डोळ्यावर यायला नको म्हणून.

आणि सगळ्यात भारी नियम. गोलकीपरने बॉल पकडला तरी समोरचा फॉरवर्ड येऊन त्याला खांद्याने ढकलायचा. बॉलसकट गोलमध्ये पाडलं तर गोल! मी म्हटलं हे काय, ही तर आमच्याकडची दहीहंडी. म्हाताऱ्याला हंडी कशी समजावणार, म्हणून मी काउंटरवर चढून दाखवली. चाचा ओरडला, "उतर मेल्या खाली, काच आहे तिथे!"

मग इंग्लंडच्या एका क्लबने नेला. तिथे भाड्याच्या खोलीत चार आयरिश पोरं, एक गॅसची शेगडी आणि घरमालकीण जी बटाट्याशिवाय काही जाणत नव्हती. हे समजायला मला कोणी अर्थ सांगायची गरज लागली नाही. बरेच दिवस राखीव टीममध्ये बसला. मेन कीपरचं बोट मोडलं तेव्हा चान्स मिळाला, चांगला खेळला, आणि एका फॉरवर्डच्या धडकेत गळ्याजवळचं हाड मोडून परत घरी. परत भट्टी. परत रविवार.

देशाच्या टीमचं पण असंच. त्या वेळी टीम निवडायची ती टोपीवाल्या म्हाताऱ्यांची एक कमिटी. ती त्याला बोलवायची, पूर्ण ड्रेस घालून बाहेर बसवायची आणि घरी पाठवायची. बदली खेळाडू वगैरे नव्हतंच, मेन कीपर लंगडत असला तरी तोच. एकदाच उभा केला. त्या मॅचमध्ये त्याने एक क्रॉस, म्हणजे बाजूने आलेला उंच बॉल, स्वच्छ पकडला, समोरच्याने खांदा घातला, हा लाईनवर पडला, रेफरीने गोल दिला. एका गोलने हरले. कमिटीने परत बोलावलं नाही.

"बॉल आत गेला नव्हता," म्हातारा म्हणायचा. काउंटरवर बोटाने लाईन काढायचा, सिलिकॉनची ट्यूब बॉल म्हणून ठेवायचा आणि दाखवायचा. एवढं वय झालं, पण रेफरी अजून समोर उभा आहे.

मी हे साहेबांना आवाजात सांगितलं तेव्हा ते खूप हसले. नंतर चष्मा पुसत बसले.

पण म्हाताऱ्याचं जाणं ठरलेलं होतं. हे मला आधीपासून माहीत होतं, सगळ्यांनाच होतं, काचेच्या केबिनमध्ये फोनवर बोललेलं काय लपतंय. तिकडे साहेबांच्या बहिणीने एक म्हाताऱ्यांचं होम बघितलं होतं. महिनाअखेरचं तिकीट. साहेब वाईट माणूस नाही. त्यांचं म्हणणं, चहाची वेळ सोडली तर इथे तो दिवसभर गप्प बसतो, हे काय जगणं आहे? तिकडे निदान आपल्या बोलीतलं कोणी बोलेल.

मग एका संध्याकाळी साहेबांनी नेहमीसारखं विचारलं, आज काय बोलला. आणि मी नेहमीसारखं सुरू केलं. आवाज लावला, खाकरलो, म्हाताऱ्यासारखा हात काउंटरवर फिरवला आणि म्हणून टाकलं. अर्धं झाल्यावर माझ्या टाळक्यात उजेड पडला की हे मॅचबद्दल नाहीये. कारण साहेबांचा चेहरा. पण सुरू केलेली नकल मला मध्येच थांबवता येत नाही, ब्रेकच नाहीये. पूर्ण केली.

साहेबांनी या वेळी अर्थ सांगितला नाही. मला नंतर म्हाताऱ्याकडूनच तुकड्या तुकड्याने समजला. "तिथे मला खिडकीपाशी बसवतील. माझ्या अकरांतलं तिथे आता कोणी नाही. मला जायचं नाहीये, पण पोराला कसं सांगू, त्याने माझ्यासाठी एवढं केलं."

साहेब म्हणाले, "खलास. जाओ तुम."

खोलीवर आल्यावर चाचा म्हणाला, "बापाचा निरोप लेकाला असा द्यायचा असतो, मेल्या? नकल करून?"

"मला काय माहीत निरोप होता!"

"आता तिकीट म्हाताऱ्याचं की तुझं, ते बघ."

तिकीट कोणाचंच बदललं नाही. म्हातारा यायचा, साहेब गप्प, मी गप्प. माझं गप्प राहणं म्हणजे स्टोअरमध्ये लाईट गेल्यासारखं, लोक येऊन विचारायचे काय झालं.

अशात मॅच निघाली. आमच्या शेजारी फर्निचरचं वर्कशॉप आहे, सगळे केरळचे सुतार. ही पोरं आईच्या पोटातून बॉल घेऊन बाहेर येतात. सात-सात जणांचा फुटबॉल खेळतात, त्याला सेव्हन्स म्हणतात, आणि त्यांच्या गावाला त्याची जत्रा भरते म्हणे. त्यांनी आमच्या पोरांना चॅलेंज दिलं. दोन वर्कशॉपची एकच मॅच, रविवारी, अल कुसैसच्या भाड्याच्या टर्फवर. आमच्यात नेपाळी आहेत, एक घानाचा वॉचमन आहे, त्यामुळे सहा जण झाले. पण कीपर म्हणजे काच कापणारा नेपाळी, तो सुट्टीवर गेलेला.

"हा नकल्या आहे की," चाचा म्हणाला. तो कॅप्टन, कोणी न करता. "गावाला कीपिंग करायचा."

"चाचा, ते विकेटचं!"

"हात तेच ना? का गावाला ठेवून आलास?"

म्हाताऱ्याला हे कळलं. कसं कळलं देव जाणे, त्याला आमची भाषा येत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आमची बस यायच्या आधी, तो केबिनमधून खुर्ची ओढत मागच्या लोडिंगच्या जागेत आला. एक अॅल्युमिनियमची पट्टी जमिनीवर आडवी ठेवायला लावली. ही गोललाईन. मला तिच्यावर उभं केलं आणि वॉचमनला बॉल मारायला सांगितला.

मी झेलला. एकदम स्वच्छ, आवाज न होता. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"गोल," म्हातारा म्हणाला.

परत झेलला. "गोल." परत. "गोल."

मला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मग त्याने काठीने दाखवलं. मी झेलतो तेव्हा हात मागे नेतो. आम्ही विकेटकीपर, लहानपणापासून तेच शिकलो, बॉल येतो तसे हात त्याच्याबरोबर मागे घ्यायचे, नाहीतर बोटं मोडतात. क्रिकेटमध्ये याला सॉफ्ट हँड्स म्हणतात आणि कौतुक करतात. इथे हात मागे गेले की पट्टी ओलांडतात. म्हणजे मी प्रत्येक वेळी बॉल झेलून, सांभाळून, प्रेमाने गोलमध्ये नेऊन ठेवत होतो.

ती सवय सुटायला आठवडा गेला. मला समजावून काही कळत नाही, हे म्हाताऱ्याने ओळखलं. मग तो स्वतः उभा राहून दाखवायचा. काठी बाजूला, हात पुढे, एक पाऊल बाहेर, बॉल पोटाशी, गुडघा वर, खांदा फिरवून. हळू, सिनेमा स्लो केल्यासारखं. आणि मी त्याची नकल करायचो. तेवढंच मला येतं. मी म्हातारा झालो की मला गोलकीपिंग यायचं. मी मी राहिलो की बॉल मागे.

आणि तो ओरडायचा! एवढासा आवाज नव्हता त्याचा, बेकरीपासून बंदरापर्यंत जाईल असा. साहेब केबिनच्या दारात उभे राहून बघायचे. तिकीट गुरुवारचं होतं, मॅच त्याच्या आधीच्या रविवारी.

रविवारी साहेब म्हाताऱ्याला गाडीतून घेऊन आले. थंडीचे दिवस, ऊन मऊ. साहेबांनी खुर्ची लांब सावलीत लावली. म्हाताऱ्याने ती उचलायला लावली आणि माझ्या गोलच्या बरोबर मागे, जाळीला चिकटून ठेवायला लावली. डोक्यावर कॅप, चाचाची, आमच्या सिलिकॉन कंपनीची.

मॅच सुरू झाली आणि मला कळलं की सुतार लोक लाकडाबरोबर माणसं पण तासतात. त्यांचा एक बुटका फॉरवर्ड होता, मिशीवाला, तो कुठून यायचा दिसायचंच नाही. पण माझ्या मागे आवाज चालू. पुढे! डावीकडे! पंजावर! आता मला त्याचे शब्द पाठ होते. मी पुढे, डावीकडे, पंजावर. एक पकडला, एक पायाने अडवला, एक तोंडाने. तोंडाने अडवला त्यावर चाचा म्हणाला, "शाब्बास, आज पहिल्यांदा तोंड कामाला आलं!"

दुसऱ्या हाफमध्ये आमच्या वॉचमनने लांबून मारला आणि गेला. आम्ही एक-शून्य पुढे! आम्ही! चाचाने स्वतःच्याच माणसाला मिठी मारायच्या नादात रेफरीला मारली.

आणि मग शेवटचं मिनिट. टर्फवाला बाहेर शिट्टी वाजवतोय, पुढचं बुकिंग गेटवर उभं. बुटक्या मिशीवाल्याला डावीकडून बॉल आला आणि त्याने उडी मारून असा डोक्याने मारला की गेलाच वाटलं. मी विचार केलाच नाही. एक पाऊल बाहेर, हात पुढे, बॉल छातीशी, गुडघा वर, खांदा फिरवून जमिनीवर. मिशीवाला माझ्या अंगावरून गेला. बॉल माझ्याकडे. लाईनच्या हातभर बाहेर. तो म्हातारा होता, मी नव्हतो, आईशप्पथ.

मी उठलो. सगळी पोरं ओरडतायत. साहेब टाळ्या वाजवतायत. आणि अंगात काय आलं, मी "हाऊझॅट!" ओरडून बॉल वर उडवला.

आम्ही गावाला कॅच घेतल्यावर तेच करतो. सगळेच करतात. कॅच घेतली, बॉल वर फेकला, मिठ्या मारल्या.

बॉल वर गेला, छान गेला, आणि खाली यायला लागला. मिशीवाला अजून तिथेच होता. त्याने मान वर केली, बिचाऱ्याला पण क्षणभर पटेना, आणि मग अलगद डोक्याने ढकलला. गोल.

एक-एक. टर्फवाल्याने लाईट बंद केल्यासारखी शिट्टी मारली. टाइम खलास. सुतार म्हणाले पेनल्टी मारू, पुढच्या बुकिंगवाले म्हणाले आमच्या टायमात नाही. सगळे एकदम बोलायला लागले, मल्याळी, हिंदी, नेपाळी. तेवढ्यात काठी जाळीवर आपटल्याचा आवाज आला.

म्हातारा उभा होता. टर्फच्या दारातून आत आला, कोणाचा हात न धरता, सगळ्यांच्या मध्ये. म्हणाला, आमच्या वेळी बरोबरी झाली तर पेनल्टी नव्हत्या. परत मॅच व्हायची. पुढच्या आठवड्यात, तीच माणसं. हे त्याने एकदा सांगितलं, एव्हाना सवय झालेल्या मला सोडून कोणाला कळलं नाही. मग मी सांगितलं, त्याच आवाजात आणि मग हिंदीत. मिशीवाला हसला आणि म्हणाला, ओके, नेक्स्ट संडे.

मला वाटलं, वाचलो.

म्हातारा वळला. आणि सुरू झाला.

मी त्याचं सगळं देऊ शकत नाही, बरंचसं छापण्यासारखं नाही. पण साधारण असं, की त्याने आयुष्यात वेडे कीपर पाहिलेत. दारू पिऊन उभे राहणारे पाहिलेत, धुक्यात हरवलेले पाहिलेत. पण पकडलेला बॉल समोरच्याच्या डोक्यावर वाढून देणारा पहिल्यांदा पाहिला. बॉल म्हणजे काय पोपट आहे सोडून द्यायला? कोणी शिकवलं तुला हे? मी? मी शिकवलं? माझी मान शरमेने खाली गेली, आणि तो लाल तोंडाचा बघ कसा हसतोय! कोण हसतंय म्हणून बघितलं तर चाचा.

"हसू नका चाचा," मी म्हटलं.

"मी कुठे हसतोय, मी रडतोय. एक-शून्य होतो मेल्या, एक-शून्य! तुझ्या गावात येऊन सांगेन. स्टँडवर बोर्ड लावेन!"

मग साहेब आले. पँट वर ओढत. मी म्हटलं, आता खरी वाट लागली.

"तुम्हारा मगज किधर है? हाँ? मगज स्टोअर में छोड़ के आया? बॉल पकड़ा, अच्छा पकड़ा, तो पकड़ के रखो! अभी देखो क्या मुश्किल किया. थर्सडे का टिकट है इसका. ये बोलता, मैं नहीं जाता, मेरा कीपर ऐसा है, इसको छोड़ के कैसे जाऊँ. गाड़ी तक नहीं आता मेरे साथ. अभी मैं क्या करूँ? टिकट कैन्सल करना पड़ता. चेंज नहीं, कैन्सल! क्योंकि तुम एक संडे में नहीं सुधरेगा, मेरे को मालूम है. और मेरी सिस्टर को फोन कौन करेगा? तुम करेगा? मेरी आवाज में? नहीं! तुम कुछ नहीं करेगा!"

म्हाताऱ्याने काठी साहेबांच्या पोटाला लावून त्यांना बाजूला केलं. तू मध्ये बोलू नकोस, माझं चालू आहे. आणि माझ्याकडे वळून परत पहिल्यापासून, की पंजावर उभा राहतोस, ठीक आहे, पुढे येतोस, ठीक आहे, पण अक्कल, अक्कल नावाची वस्तू कोणी तुला दिली होती का, दिली असेल तर ती पण अशीच वर उडवलीस का, गाढवा.